गोल घरात पहिलं कोण

सिएनीने गावासाठी बनवलेली वेबसाइट तिच्या लॅपटॉपवर अगदी निर्दोष दिसत होती. अडचण एवढीच होती की गावात लॅपटॉप तिच्या एकटीकडेच होता.

आमच्या कॉलेजात शेवटच्या सत्राला एक नियम आहे. विद्यार्थ्याने खऱ्या माणसांसाठी खरी वेबसाइट बनवायची. ती त्या माणसांनी मान्य करायला हवी, आणि कोणत्याही फोनवर, कोणत्याही ब्राउझरवर उघडायला हवी. दोन्हींपैकी एक जरी चुकले तर वर्ष पुन्हा. नियम मीच केलेला आहे. बाकीच्या मुलांनी बेकरी, टॅक्सीवाले असे सोपे ग्राहक धरले. सिएनीने आपले गाव धरले. पास झाली की राजधानीत, आपियात, बंदराच्या ऑफिसात तिची नोकरी ठरलेली होती; नापास झाली तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. तिचे गाव म्हणजे माझे सासर. त्यामुळे पुढचे सगळे मला घरबसल्या ऐकू येत गेले.

पहिल्या पानावर तिने गावसभेचे फाले काढले होते. भिंती नसलेले लांबट गोल घर, कडेने खांब, आणि प्रत्येक खांबाशी त्या खांबाच्या मानकऱ्याचा फोटो. एका टोकाला सेउतागा, दुसऱ्या टोकाला लेआनाविली. ही नावे म्हणजे मानाच्या पदव्या; हे दोघे गावातले सर्वांत मोठे. त्या दोघांत मोठे कोण, हा प्रश्न गावाने पिढ्यान्‌पिढ्या घर गोल ठेवून टाळला आहे. पुढच्या बाजूला मधोमध ताउआनुउ, म्हणजे गावाचे वक्ते. मोठे मानकरी स्वतः फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने बोलायचे काम ताउआनुउंचे, आणि ते हात राखून करत नाहीत. ते सिएनीचे आजोबा.

पहिली तक्रार शिक्क्याची आली. फोटो नीट कापायला सिएनीने विद्यार्थ्यांना फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरले होते, आणि ते प्रत्येक फोटोच्या खालच्या भागात आपणहून शिक्का मारत होते. सेउतागांच्या बरोबर छातीवर ठळक अक्षरे आली होती: ‘फक्त सरावासाठी’.

“पोरी, ही पदवी अंगावर घेऊन मी म्हातारा झालो,” सेउतागा म्हणाले. “अजून सरावच चालू आहे का माझा?”

“अफिओगा,” सिएनीने मानाने हाक मारली, “ते मी नाही लिहिलं. फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, ते शिक्का मारतंच.”

“राहू दे गं तो,” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “नवरा म्हणून अगदी बरोबर आहे.”

सिएनीने दुसरे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवलेले. फोटो पुन्हा कापले, शिक्के गेले. ताउआनुउंना मात्र हे पटेना.

“याचा मालक कोण?”

“कुणीच नाही, आजोबा. सगळ्यांचं आहे. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त बळकावायचं नाही.”

“म्हणजे आपल्या कुळाच्या जमिनीसारखं,” ते म्हणाले. “मग असं आधी का नाही सांगितलंस? मी उगीच फुकट्या लोकांचं समजत होतो.”

खरे संकट त्यानंतर आले. फोनच्या अरुंद पडद्यावर फाले मावत नाही, म्हणून तिथे सगळे फोटो एकाखाली एक येतील अशी सोय सिएनीने केली होती. पुस्तकात तसेच शिकवतात, मीही तसेच शिकवते. लेआनाविलींचा फोटो आधी हाती आला होता, म्हणून तिने त्यांना आधी लिहिले होते. सेउतागांनी आपल्या फोनवर पान उघडले, तर सगळ्यांत वर लेआनाविली, मग ओळीने बाकीचे सगळे मानकरी, आणि पार तळाशी, नवीन डुक्करवाड्याच्या फोटोच्या जरा वर, ते स्वतः.

रविवारी चर्चनंतर त्यांच्या घरून लेआनाविलींकडे जेवणाचे ताट जाते, ते त्या रविवारी गेले नाही. एवढ्याने गावाला सगळे समजले.

सिएनीने क्रम उलटा केला. तर लेआनाविलींनी बोलावून घेतले.

“डुकरांची राखण आता माझ्याकडे दिली का?”

मग तिने दोघांना वरच्या ओळीत शेजारी शेजारी बसवले. पडदा अरुंद, त्यामुळे फोटो नखाएवढे झाले.

“सिएनी,” लेआनाविली फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाले, “हा मी आहे की डास?”

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “बाई, कुणाला तरी पहिलं ठेवावंच लागतं ना?”

“यंत्राला लागतं.”

“एक दिवस हे वर, एक दिवस ते वर असं केलं तर?”

“मग पहिला दिवस कुणाचा?”

“मग मी बंदरावर नाही, डुक्करवाड्यातच नोकरी करणार,” ती म्हणाली.

उत्तर तिला घरीच मिळाले. तिने आजोबांना विचारले, “फालेत कुणी पाहुणा भलत्या बाजूने शिरला, तर तुम्ही काय करता?”

“त्याला वळवतो,” ताउआनुउ म्हणाले. “फाले थोडंच वळवणार?”

पुढच्या गावसभेत सगळे मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसले. आम्ही बायका पायऱ्यांपाशी होतो. प्रत्येकाने आपल्या फोनवर पान उघडले. फोटो एकही नाही. पडद्यावर एकच वाक्य: ‘गावाला भेटायचे असेल तर फोन आडवा धरा.’ सगळ्यांचे हात एकदम वळले, आणि प्रत्येक हातात फाले उभे राहिले. ज्याचा तो खांब, ज्याचे ते टोक.

“माझ्या ऑकलंडच्या मुलालाही आडवा धरावा लागेल?” सेउतागांनी विचारले.

“हो, अफिओगा.”

“आणि मंत्री आला तर?”

“त्यालाही.”

सेउतागांनी दुसऱ्या टोकाला लेआनाविलींकडे पाहिले. दोघांनाही मंत्र्याला वळवायची कल्पना आवडली होती. ताउआनुउंनी काठी टेकवली आणि मान्यतेचे भाषण सुरू केले.

मी पिशवीतून परीक्षेचा फोन काढला. तो इतका जुना आहे की विद्यार्थी त्याच्या नावाने शिव्या देतात. ‘फोन आडवा धरा.’ मी धरला. ‘फोन आडवा धरा.’ मी उलट बाजूने धरला. तेच.

“बाई, तो आजच आणायचा होता?” सिएनी कुजबुजली.

“नियम आहे.”

“काय झालं तिकडे?” लेआनाविलींनी विचारले.

“बाईंचा फोन वळत नाही,” कुणीतरी सांगितले.

“मग बाईंना आडवं करा.”

फाले हसले, पण सिएनी हसली नाही. पान उघडले नाही तर मान्यता मिळूनही उपयोग नव्हता. ती पायरीवरूनच म्हणाली, “आजोबा, जरा सविस्तर बोला.” अशी विनंती ताउआनुउंना जन्मात कुणी केली नव्हती. त्यांनी भाषण पुन्हा पूर्वजांच्या होडीपासून धरले.

ती फणसाच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसली. तिने पानाला सांगितले होते, ‘आडवा आहेस का’ असे विचार, ‘हो’ आले तरच फाले दाखव. जुन्या ब्राउझरला हा प्रश्नच कळत नव्हता, मग हो कुठून येणार? मी ते पाहिले, पण परीक्षा तिची होती. होडी अजून समुद्रातच असताना तिलाही ते दिसले. तिने सगळे उलटे लिहिले: फाले आधीपासून दाखवायचे, ‘उभा आहे’ असे उत्तर आले तरच झाकायचे. ज्याला प्रश्न कळणार नाही त्याच्यापुढे अख्खे मोठे फाले येणार, बोटाने सरकवून बघायचे.

“पण उघडताना कुठलं टोक आधी दिसेल?” मी विचारले.

तिने आणखी एक ओळ लिहिली. मग म्हणाली, “मधून उघडते.”

माझा फोन उघडला. मी मान हलवली, तिने आजोबांना हात केला, आणि ताउआनुउंनी पूर्वजांना घाईघाईने किनाऱ्याला लावून वेबसाइट गावाला मान्य असल्याचे जाहीर केले.

मग दोघा मोठ्या मानकऱ्यांनी तो फोन मागवला. सेउतागांनी एकीकडे सरकवून स्वतःला शोधले, लेआनाविलींनी दुसरीकडे सरकवून. दोघांनीही बोटाचे अंतर मनातल्या मनात मोजलेले मला दिसले. “सारखंच आहे,” लेआनाविली म्हणाले. मी सिएनीच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिले.

रविवारी ताट गेले. सोमवारी ताउआनुउ माझ्याकडे आले, चहा प्यायले, पावसापाण्याचे बोलले आणि शेवटी म्हणाले, “तो जुना फोन आता तुला लागत नसेल.”

त्या फोनवर पान उघडले की मधोमध बसलेले तेच पडदाभर दिसतात. इकडेतिकडे सरकवले नाही तर गावात दुसरे कुणीच नाही.

“तो परीक्षेचा आहे,” मी म्हणाले.

“मी नीट वापरीन. एका जागीच धरीन,” ते म्हणाले. “अजिबात सरकवणार नाही.”