पाचवी अवस

नंदाला ओकारी झाली. बाहेरचं काढणाऱ्या गोजरबाईनं त्या ओकारीत काडी फिरवून बघितली आणि म्हणाली, "निघून राह्यलं. आणखी एक अवस." तिथून हातभर अंतरावर माझे दाजी तातेराव नैवेद्याची पोळी दुधात कुस्करून खात बसले होते. मला त्या दोघांची किळस आली. स्वतःची यायला मात्र आठ दिवस लागले.

नंदा माझी धाकटी बहीण, हसनाबादला दिलेली. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. ती भाकरी घेऊन गेली आणि तेवढ्यात क्रेनचा दोर तुटला. दगडांनी भरलेली बादली खाली तिच्या दिरावर, बद्रीनाथवर पडली. बावीस वर्षांचा होता. दुसरा दोर लावून त्याच बादलीतून त्याला वर काढला. बादली काठावर ओढायला माणूस कमी पडला म्हणून नंदानं हात लावला. त्या दिवशी ती रडली नाही. घरी येऊन नुसती हात धूत बसली.

पुढं आडावरचा रहाट करकरला की ती जागच्या जागी थिजायची. पीठ मळता मळता उठायची आणि सालपटं निघेपर्यंत हात घासायची. अख्ख्या गावाला निदान ठाऊक होतं. साती आसरा लागल्या, पाण्यातल्या बाया. आणि जिथं लागल्या तिथंच काढायच्या, हा गोजरबाईचा नियम. म्हणजे त्याच विहिरीवर, ओळीनं पाच अवसा. हिरवं लुगडं नेसवून, पाय विहिरीत सोडून काठावर बसवायचं आणि त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी पाजायचं. बाई हात-पाय झाडते, तेव्हा तिला धरायचं माहेरच्या माणसानं. सख्खा भाऊ असेल तर उत्तम.

मी केदारखेड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. अवसेच्या दिवशी सकाळी नववीच्या पोरांना कप्पी समजावून सांगायची आणि दुपारी हसनाबादला जाऊन बहिणीचे दंड धरायचे, असं मी चार महिने केलं. अर्धवट राहिलेल्या त्या विहिरीतलं पाणी शेवाळलेलं, कुजका वास मारणारं. ती तोंड उघडेना, म्हणून मी तिचं नाक दाबायचो.

चौथ्या अवसेनंतर नंदा बोलायचीच थांबली. तातेराव दात कोरत म्हणाले, "गुरुजी, पाचवीला न्हाई उतरलं, तर मंग तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या तिला. मलाबी संसार हाय."

मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आठ दिवसांनी घरच्या रांजणात मला एक वळवळती अळी दिसली. एकच. मी अख्खा रांजण अंगणात ओतला आणि बायकोवर वस्सकन ओरडलो. ओरडता ओरडताच आठवलं, नंदाला मी तसले चार तांबे पाजलेत. मी तिथंच खाली बसलो आणि मलाच ओकारी आली. त्यात काडी घालून बघायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हसनाबादला जाऊन तिला जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन निघालो. तातेराव दारात आडवे आले. "येड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हंजे कायमचा शिक्का बसला, सांगून ठेवतो."

"बसू द्या," मी म्हणालो. "तुमच्या पोळ्या बंद होतील, एवढंच."

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक शब्द विचारला नाही. नंदाकडं वळून म्हणाल्या, "त्या दिवशी विहिरीवर काय झालं, सांगाल? जमेल तेवढंच सांगा."

वर्षभरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही गोजरबाईला विचारलं, आसरांना विचारलं. नंदा बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग बोलली. बादलीबद्दल, बद्रीनाथच्या गरम हाताबद्दल. रडली, थांबली, पुन्हा बोलली. मी भिंतीकडं बघत होतो.

"हे वेड नाही," बाई मला म्हणाल्या. "मनाला जबर मार बसलाय. तुमच्यासाठी तो दिवस संपला, यांच्यासाठी नाही. रहाट वाजला की सगळं पुन्हा घडतं. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, बोलायला यावं लागेल. वेळ लागेल. आणि त्या विहिरीवर न्यायचं नाही."

मग नंदाला विचारलं, "आता डोळे मिटले की काय दिसतं?"

उत्तर मला ठाऊक होतं. बादली.

"भाऊ दिसतो," नंदा म्हणाली. "नाक दाबून राह्यलेला."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मी बाहेर जावं. शेवटी त्यांनीच नंदाला विचारलं, पुढच्या वेळी सोबत कोण आलेलं चालेल.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "भाऊच येऊ दे. पर हात न्हाई लावायचा."

पाचव्या अवसेला गोजरबाई त्या विहिरीवर वाट बघत बसली असेल. आम्ही जालन्याला होतो. एसटीत नंदा खिडकीशी बसली होती, मध्ये पिशवी, पिशवीच्या अलीकडं मी. स्टँडवर उतरताना पायरीवर तिचा तोल गेला. मी खाली उभा होतो. दोन्ही हात पुढं झाले होते, ते मी मागं घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले. तिनं दांडी पकडली आणि आपली आपण उतरली.