हलक्या हाताची जोडी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या मागे मधु सरांचा बॉक्सिंग क्लब आहे. तिथल्या पंचिंग बॅगा कारखान्यातून आणलेल्या चिंध्यांनी भरतात. बॅग उसवली की फरशीवर निळे तुकडे पडतात आणि ज्याने ती फोडली त्यानेच शिवायची असते.

अंबरनाथच्या बुवापाड्याची तेजल आणि बदलापूर गावची सोनिया या क्लबात आल्या तेव्हा दोघी सातवीत होत्या. क्लबात मुली त्या दोघीच, त्यामुळे जोडी आपोआप ठरली. एकीने दुसरीच्या हाताला पट्टी बांधायची, मग रिंगमध्ये उतरायचं. सरांचा नियम होता, सरावात हलका हात. ठोसा लागला पाहिजे, दुखता कामा नये. दुसरा नियम, आपल्या क्लबची दोन पोरं एका वजनात उतरत नाहीत. म्हणून सोनिया एक्कावन्न किलोत राहिली आणि तेजल जास्तीचा भात खाऊन चोपन्नमध्ये गेली. दोघी आपापल्या वजनात जिंकत राहिल्या.

यंदा सोनियाची पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात निवड झाली. मे महिन्यातली जिल्हा स्पर्धा ही तिची इथली शेवटची होती. नावं द्यायच्या वेळी तेजलने सरांना सांगितलं, की ती एक्कावन्नमध्ये उतरणार आहे. चोपन्नमध्ये तिच्यापुढे टिकणारं कोणी नव्हतं, राज्य स्पर्धेची जागा जवळपास तिचीच होती. सरांनी तिला हे सगळं ऐकवलं आणि मग कारण विचारलं.

"तिचा खरा पंच कसा लागतो ते अख्ख्या जिल्ह्याच्या पोरींना माहितीये सर," तेजल म्हणाली. "मलाच नाही."

"आणि मी कोणाच्या कोपऱ्यात उभा राहू?"

"कोणाच्याच नका राहू."

सोनियाला कळलं तेव्हा ती आधी हसली, मग चिडली. तेजल वेडी झाली आहे, असं तिने क्लबात सगळ्यांना सांगितलं. शेवटी तेजलसमोर येऊन म्हणाली, "मैं नहीं मारनेवाली तुझे. आधीच सांगते."

"मग हरशील."

तेजलने भात सोडला. रोज जाड जॅकेट घालून ती अंबरनाथच्या रस्त्यांवर धावली. तिची आई वेणू ताट वाढून ठेवायची आणि तसंच उचलायची. वजनाच्या दिवशी काटा एक्कावन्नच्या किंचित खाली थांबला.

दोघी आपापल्या लढती जिंकत फायनलला पोचल्या. फायनल अंबरनाथ पश्चिमेच्या एका हॉलमध्ये होती. लढतीआधी सोनिया पट्ट्या घेऊन तेजलच्या कपडे बदलायच्या खोलीत आली आणि हात पुढे करून बसली. तेजलने तिचे हात बांधले, सोनियाने तेजलचे. मग एक लाल कोपऱ्यात गेली, दुसरी निळ्या. सर प्रेक्षकांत बसले.

पहिली फेरी सरावासारखी गेली. कुठला ठोसा कधी येणार हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि तो पोचेपर्यंत त्यातला जोर निघून जात होता. पंचाने थांबवून दोघींना ताकीद दिली. दुसऱ्या फेरीत मागून कोणीतरी विचारलं, डान्स क्लास आहे काय. लोक हसले.

तिसऱ्या फेरीत तेजलने सोनियाच्या बरगडीत पूर्ण ताकदीने मारलं. सोनियाचा श्वास अडकला. तिने तेजलकडे पाहिलं, आणि तिचा उजवा हात आला.

तो तेजलच्या तोंडावर बसला. तिचे गुडघे वाकले. पंचाने आठपर्यंत मोजलं. ती उभी राहिली तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि ती हसत होती. उरलेला वेळ दोघी खरोखर लढल्या. निकाल सोनियाच्या बाजूने लागला.

राज्य स्पर्धेची जागा गेली, सर परतताना एवढंच म्हणाले. तेजलने मान डोलावली.

त्याच आठवड्यात सोनिया पुण्याला गेली. तेजल क्लबात येत राहिली. दुसऱ्या हाताची पट्टी एकटीला नीट बांधता येत नाही, ती टोक दातात धरून ओढायची. तसं करताना ओठाची जखम ठणकायची. मग ती जीभ तिथे दाबून थोडा वेळ उभी राहायची आणि बॅगेकडे वळायची.

एका सकाळी तिने पट्टी ओढली, तेव्हा काहीच ठणकलं नाही. तिने जीभ दाबली. मग पट्टी सोडवली आणि दातात धरून पुन्हा ओढली, जोरात.