जानेवारीची मिटिंग मे महिन्यात

आमचा दौलत दसऱ्यापासून माझ्याशी बोलत नाही. समोर आला की भिंतीकडे तोंड. कारण एवढंच, की ह्यांनी घेतलेला पहिला माग मी भंगारात जाऊ दिला नाही. बंद असला म्हणून काय झालं, मी त्याला रोज अगरबत्ती लावते.

कारखान्याची प्रायव्हेट लिमिटेड त्यानेच केली. डायरेक्टर दोघं, तो आणि मी. चेअरमन मी.

मेमध्ये ऑडिटर आला, शेजारच्या कुबराबीचा मुलगा हारून. यादीत चोवीस माग, शेडमध्ये पंचवीस, वरच्या एकाला अगरबत्तीचा धूर. म्हणून त्याने मिटिंगची वही वाचून दाखवली. जानेवारीच्या सभेत म्हणे चेअरमन हौसाबाईंनी स्वतःच तो माग भंगारात काढायला सांगितला, आणि चिरंजीवांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. जानेवारीत मी गुडघे शेकायला गणेशपुरीच्या कुंडावर होते. आणि दूरदृष्टी हा शब्द आमच्या कोनगावात कुणाच्या तोंडातून निघालेला नाही.

हारूनची सही झाली की भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. हारून म्हणाला, न झालेल्या सभेवर मी सही करत नाही.

मग सभा आता घ्या, मी म्हटलं. दार लावलं, शेगडी पेटवली, शाल घेतली. दौलतच्या गळ्यात मफलर घातला. जानेवारी म्हणजे जानेवारी. हारून घाम पुसत म्हणाला, काकी, तारीख मी आजचीच लिहिणार. तारीख तुझी, म्हटलं, थंडी माझी.

दौलत हारूनला सांगू लागला, त्यांना सांगा की माग काढायचा हाय. हारूनने मान हलवली. प्रस्ताव थेट चेअरमनसमोर मांडायचा, तिसऱ्याच्या तोंडून चालत नाही.

शेगडी फुलली. दौलतच्या नाकावरून घाम टपटपत होता. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आये, माग काढायचा हाय."

सात महिन्यांनी आये म्हणाला. मी शालीने डोळे पुसले, धूर फार होता.

मतं घेतली. एक त्याचं, एक माझं. बरोबरी झाली तर काय, मी विचारलं. हारून म्हणाला, कंपनीच्या नियमात चेअरमनला आणखी एक मत असतं. कायदा करणाऱ्याला आई असणार.

"दौलत," मी म्हटलं, "माग हाय तिथंच ऱ्हाईल. उद्यापास्नं अगरबत्ती तू लावायची, माझे गुडघे दुखतात. आन् पुन्हा माझ्या तोंडी गोड शब्द लिहिलास, तर पुढची सभा बी ह्याच शेगडीपाशी घेईन. आता मफलर काढ, मे महिना हाय."