दंडावरचा फोड

चार लाल ओरखडे—मांजरानं पंजा मारावा तसे—आणि त्यातल्या एकाच्या कडेला मोहरीएवढा फुगवटा... काल तो नव्हता. साखराबाई वाकून बघत राहिली. भर दुपारी तिचा सटवा लिंबाच्या सावलीत झोपला होता, डावा दंड घोंगडीबाहेर टाकून.

मोमिनाबादच्या छावणीत देवी टोचणाऱ्या डॉक्टरानं सुईनं ते ओरखडे काढले होते. पलटणीच्या खेचरांबरोबर सटवाला समुद्रापार बसऱ्याला जायचं होतं. पण फोड उठून त्यात पाणी भरलं, तरच डॉक्टर कागद देणार आणि बोटीत घेणार. फोड विरला तर पोरगा इथंच—मेंढरांमागे, माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी तिनं लिंबाचा पाला उकळून, पाणी गार करून आणलं, तर त्यानं हात मागे घेतला.

"आये, ते लावू नगंस."

"कावून? देवी आल्यावर लिंबच लावत्यात."

"आली न्हाई, आनलीय. फुलू दे तिला."

"लई शाना झालास! देवीला कुनी आवतन देतं व्हय रं?"

"म्या दिलंय. आता पाव्हनीचा मान राख," म्हणून तो हसला होता.

हसला... याच्या बहिणीला, तुळजाला देवी आल्या तेव्हा हा चकलांब्याला मामाकडे होता, म्हणून वाचला, म्हणून याला ते ठाऊक नाही—घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचे डहाळे, आणि पोरीच्या तोंडावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. मी उशाशी बसून एकच म्हणत होते, जा माय, आता जा, आणि देवी गेली तेव्हा एकटी गेली नाही, माझ्या तुळजाला घेऊन गेली.

तेव्हापासून देवीपुढे हात जोडले की तेवढंच तोंडात येतं. जा माय.

पाण्याचं भांडं अजून तिच्या बाजूला होतं. पाला मऊ झाला होता. सटवा गाढ झोपला होता. एकदा चोळलं तर त्याला कळणारही नाही... तिनं पाला उचलला. हिरवं पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं. जा माय, ती म्हणू लागली, आणि अर्ध्यातच थांबली—देवी गेली तर पोरगा राहील, देवी राहिली तर पोरगा जाईल, काय मागू?

फुगवट्यावर एक माशी बसली.

पाला भांड्यात टाकून तिनं लिंबाची डहाळी घेतली आणि माशा वारू लागली—हलक्या हातानं, एकही पान फोडाला लागू नये अशा बेतानं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता. ती वारतच राहिली.