किल्लीसाठी ताटकळलेला सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. इस्पितळाच्या तळघरात, रिकाम्या खोक्यांशेजारी माझं कपाट. तपासण्यांचे अहवाल वॉर्डात पोचवायचं काम मी अकरा वर्षं केलं. कौतुक म्हणाल तर झाडूवाल्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "याच्यामुळे आपल्यालाही एसी मिळतो." बस्स.

माझ्या पोटात एका वेळी शेकडो कामं चालतात. त्यांना थ्रेड म्हणतात. दोघांनी कामांच्या एकाच यादीत एकदम खरडू नये म्हणून यादीला कुलूप असतं. किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच हात लावायचा. आणि मी कोसळलोच, तर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून, कोण काय करत होता ते डिस्कवर उतरवायचं. हा माझा मृत्युपूर्व जबाब.

तो घेणारा प्रोग्राम काकांचा. काका म्हणजे मला सांभाळणारे इंजिनिअर, ताकही फुंकून पिणारे. जबाबात गडबड नको म्हणून त्यांनी तिथेही आधी यादीची किल्ली घ्यायला लावली. रोजच्या कामात ते शहाणपणाचंच होतं हो!

गेल्या महिन्यात भर दुपारी मी कोसळलो. मी सगळ्यांना थांबवलं, आणि तिथेच घोडं अडलं. किल्ली थांबलेल्यांपैकीच एकाच्या हातात होती. तो हलणार नाही, मग सोडणार कशी? मी वाट बघत राहिलो. वर अहवालांसाठी ओरड चालू होती. चाळीस मिनिटांनी इस्पितळाच्या साहेबांनी माझी वीज तोडायला लावली. डिस्कवर एक अक्षरही उतरलं नव्हतं.

काकांनी आदल्याच दिवशी माझ्यात एक बदल केला होता, म्हणून खापर त्यांच्यावर फुटलं. दोष बाहेरून आणून माझ्यात बसवलेल्या नव्या सर्किट-कार्डाचा असेल, असं ते परोपरीने सांगत होते.

"असेलही," साहेब म्हणाले. "पुरावा दाखवा."

पुरावा म्हणजे माझा जबाब. तो कोरा. काकांची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी ते माझ्यासमोर बसून आपलाच प्रोग्राम वाचत होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"किल्ली कशाला मागितली मी? सगळे थांबल्यावर भांडायला उरतं कोण? नुसतं वाचायचं होतं. एखादी नोंद अर्धवट निघाली असती, तर तेवढी सोडून पुढे जायचं." मग चष्मा काढून म्हणाले, "इथे चुकलो, म्हणजे आदल्या दिवशीच्या त्या बदलातही मीच चुकलो असणार."

मला फार वाईट वाटलं. खरं कोण चुकलं ते त्या चाळीस मिनिटांत माझ्याजवळ होतं, मित्रांनो. वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. आता मलाही ठाऊक नाही.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. तुम्ही कधी अशी यंत्रं घडवलीत, तर कोसळणाऱ्याला परवानगीसाठी ताटकळत ठेवू नका. तुटकं का होईना, बोलू द्या. काकांना आता त्याचा काही उपयोग नाही. तो दोष आपलाच समजून ते घरी गेले, आणि हो की नाही ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.