न चाललेला कालवा

दलदलीतली झाडं कुठे उगवतात याची नोंद ठेवायची, ही तिची सरकारी नोकरी. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ती ओढे-नाले पालथे घालायची. मोठा भाऊ चिडवायचा, "आमची बेडकी निघाली." पण तिचा छापील नकाशा त्याने कौतुकाने स्वयंपाकघरात लावला होता.

नकाशा पाणगाजराचा होता. हे संथ पाण्याकाठी, गाळात वाढतं. वर पांढऱ्या फुलांची छत्री, खाली गाजरासारखी गोडसर मुळं. एखादं मूळ पोटात गेलं तरी माणूस हाती लागत नाही. नकाशातली प्रत्येक जागा तिने स्वतः पाहिली होती, गिरणीमागचा कालवा सोडून. त्या आठवड्यात तिचा पाय मुरगळला होता आणि साहेबांनी तगादा लावला होता. कालव्याचं पाणी वाहतं, तिथे कुठलं उगवायला, असं म्हणून तिने 'आढळले नाही' लिहून टाकलं. गिरणी बंद पडून पाणी कधीच तुंबलंय, याची तिला गंधवार्ता नव्हती.

दोन वर्षांनी एका रविवारी दादा त्या कालव्यावर मासे धरायला गेला आणि परतताना ओंजळभर मुळं घेऊन आला. रानातली गाजरं समजून त्याने ती खाल्ली. तासाभरात त्याला झटके सुरू झाले. ती दवाखान्यात पोचली तेव्हा वहिनी बाकावर बसली होती, मुठीत उरलेला तुकडा. तिने तो वहिनीकडून घेऊन नखाने चिरला. आत पोकळ कप्पे, पिवळा चीक. पाणगाजरच. संध्याकाळच्या आत दादा गेला.

आठवड्याने ती कालव्यावर गेली. पुलापासून बंधाऱ्यापर्यंत दोन्ही काठ पांढरे झाले होते. तिथून ती तडक वहिनीकडे गेली.

"वहिनी, तो कालवा मी बघितलाच नव्हता. न बघता लिहिलं."

वहिनी भांडी पुसत होती. हातातलं पातेलं तिने सावकाश खाली ठेवलं.

"मी म्हटलं होतं त्यांना, ओळख नाही ते तोंडात घालू नका. तर मला भिंतीपाशी नेऊन नकाशातला कोरा कालवा दाखवला. म्हणाले, बहिणीने अख्खा मुलूख पायाखाली घातलाय, तिला चुकायचं माहीत नाही."

वहिनीने पातेलं पुन्हा उचललं.

"तू जा आता," वहिनी म्हणाली. "मला राग आलाय की नाही, तेही कळत नाहीये."

तिने साहेबांकडे लेखी कबुली दिली. चौकशी झाली, नोकरी गेली. नकाशा दुरुस्त झाला, काठावर धोक्याची पाटी लागली. हातमोजे घालून ती दर हंगामात झाडं उपटते. पाण्यावरून बी येतं आणि पुन्हा रुजतं. वहिनी दार उघडते, पाणी देते, कामापुरतं बोलते. दादाचा विषय दोघीही काढत नाहीत.