थांबा आमराई

माझे सासरे बसचे कंडक्टर होते. गाडी दिसायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा, असं अख्खा डेपो सांगतो. रिटायर झाले आणि बूड टेकतंय न टेकतंय तोच मेंदूला झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. म्हणजे सगळी गेली असती तर एक वेळ समजलं असतं. जुन्या रूटचे थांबे तेवढे तोंडात राहिले. घड्याळ चौक, वाकडं झाड, जुनी टाकी, आमराई, शेवटचा थांबा. बाकी शब्द म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, "पाठ झालेलं राहतं, जुळवून बोलायचं जातं. माणसांत ठेवा. एक शब्द स्वतःचा स्वतः जुळवला, की मागून बाकीचे येतील."

तो एक शब्द काही येईना. पहिले काही महिने बाबा धडपडले, घामाघूम व्हायचे, मग त्यांनी नादच सोडला. खिडकीशी बसून राहायचे. तहानेनं व्याकूळ होऊन "जुनी टाकी" म्हणतात, असं समजून आम्ही त्यांना तांबेच्या तांबे पाणी पाजायचो. सगळ्यात वाईट म्हणजे रोज दुपारी ते सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "शेवटचा थांबा." सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागायची. मी जात्याच फटकळ. "बाबा, असलं अभद्र बोलायचं नाही," असं दटावायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

एके दिवशी ब्रेककाका आले. हे बाबांचे ड्रायव्हर, नोकरीभरची जोडी. बोलता बोलता मध्येच थांबायची सवय, म्हणून डेपोनं ठेवलेलं नाव.

"डेपोच्या संमेलनात यंदा लिमरिकची स्पर्धा आहे," ते म्हणाले. "कंट्रोलर साहेबांचं खूळ. पाच ओळींची वात्रट कविता. पहिली, दुसरी, पाचवी ओळ एका यमकात, मधल्या दोन आखूड, त्यांचं यमक वेगळं. थांब्याच्या नावाची चिठ्ठी निघणार. चार ओळी ड्रायव्हरनं म्हणायच्या, पाचवी कंडक्टरनं. तर मी आमच्या दोघांचं..." इथे ब्रेक लागला. "नाव दिलंय."

मी भडकले. "काका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? चारचौघांत यांचं हसं करायचंय? आहेत ते थांबेसुद्धा बंद होतील."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "शेवटचा थांबा." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

काका आमच्याकडे बघतच राहिले. "वहिनी, रडताय काय? चहा मागतोय तो. शेवटच्या थांब्यावर टपरी होती. गाडी लावली की आधी चहा."

चहा आला. बाबांनी तो बशीत ओतून असा ओढला, की आम्हा दोघींना कुठे तोंड लपवू असं झालं. मग मी हळूच विचारलं, "आणि जुनी टाकी?"

"तिथे शाळा होती. पोरं चढली की काय तो कालवा! टीव्ही बंद कर म्हणत असेल."

आमच्याकडे टीव्ही दिवसभर चालू. बिचारे गोंगाटापायी विहीरभर पाणी प्यायले होते. सासूबाईंनी उठून टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घेऊन जाऊ त्यांना. आपल्यापेक्षा डेपोवाल्यांना त्यांचं जास्त कळतं."

मला पटलं नव्हतं. मी त्याच डेपोच्या स्टोअरमध्ये आहे, फिल्टर आणि फॅनबेल्ट काढून देते. आमची माणसं मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही हे मला ठाऊक. म्हणून मीही वर्कशॉपच्या मिस्तरींबरोबर जोडी लावली, ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. निदान जवळ तरी असावं.

कॅन्टीनमधली टेबलं जोडून स्टेज केलं होतं, चढायला उलटी ठेवलेली खोकी. कंट्रोलर साहेबांनी स्वतःच्या कवितेनं सुरुवात केली.

एक गृहस्थ राहायचे घड्याळ चौकात,
कामावर निघायचे मोठ्या झोकात;
घड्याळ पडलं बंद,
ह्यांना झाला आनंद,
‘नऊच वाजले’ म्हणत लोळतात दिमाखात.

साहेबांची कविता, टाळ्या पडणारच. पुढची चिठ्ठी आमची. मिस्तरींनी सुरू केलं:

एक आजी चढल्या वाकड्या झाडाला,
म्हणाल्या, ‘धक्के सोसत नाहीत हाडाला.’
ड्रायव्हर म्हणे, ‘आजी,
चूक नाही माझी,’

मी संपवलं: ‘खड्डेच सोकावलेत साहेबांच्या लाडाला.’

हशा पिकला. साहेबही हसले, जरा उशिरा. मागून कोणीतरी विचारलं, "आजी झाडावर चढल्याच कशा?" आणि झाडावर चढणं वेगळं, वाकड्या झाडाला चढणं वेगळं, यावर कंडक्टर मंडळींचा वाद जुंपला. आमच्याकडे ‘वाकड्या झाडाला चढल्या’ म्हणजे त्या थांब्यावर गाडीत चढल्या.

मग ब्रेककाका बाबांना धरून वर घेऊन गेले. बाबांनी जुना खाकी शर्ट घातला होता, गळ्यापाशी ढगळ झालेला. चिठ्ठी निघाली, आमराई. काकांनी डोळे मिटून जुळवाजुळव केली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले:

गाडी उभी राहिली, थांबा आमराई,
उतरायची कोणाला नव्हतीच घाई;
‘घंटी मार, गड्या,
पुढे गेल्या गाड्या,’

आणि थांबले. पाचवी ओळ बाबांची.

बाबांचे ओठ हलले. "आमराई," ते म्हणाले. काकांनी मान डोलावली. "आमराई. घड्याळ... आमराई." कपाळावर घाम आला. मग मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. हसणारा बहुधा नवा असेल, त्याला माहीत नसेल, पण माझं डोकं सणकलं. साहेब चुळबुळत घड्याळ बघायला लागले. बाबांनी मान खाली घातली. घरी खिडकीशी बसतात तसा त्यांचा चेहरा झाला आणि मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी उठले. खुर्च्या सारत तरातरा निघाले. बाबांना हाताला धरून खाली आणायचं, काकांना चार शब्द सुनवायचे आणि सरळ घर गाठायचं, एवढंच डोक्यात. पहिल्या खोक्यावर पाय ठेवला, तर खोकं डगमगलं आणि मी टेबलाची कड पकडली.

बाबांनी मान वर केली. मला बघितलं. मग डावा हात ड्रायव्हरकडे आडवा धरला, गाडी रोखायला धरायचे तसा.

"थांब रे," ते म्हणाले. शब्द अडला. "थांब रे. चढतेय... सूनबाई."

मी त्या खोक्यावर तशीच उभी. यमक बरोबर जुळलंय हे आधी मिस्तरींच्या लक्षात आलं, त्यांनी टेबलावर थाप मारली आणि मग सगळं कॅन्टीन उठलं. काका काही बोलायला गेले, त्यांना असा ब्रेक लागला की त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी त्या माणसाला उतरवायला निघाले होते आणि त्यानं माझ्यासाठी गाडी थांबवली होती. लग्न होऊन आल्यापासून मी इतकी कधी रडले नव्हते, आणि तेही डेपोसमोर, जिथे मला सगळे टरकून असतात.

बक्षीस दुसऱ्याच जोडीला गेलं. पाचवी ओळ म्हणायला वेळ फार लागला, असं साहेबांचं म्हणणं पडलं. त्यावर मी भांडले नाही, यातच काय ते समजा.

घरी आल्यावर सासूबाई मात्र फुगून बसल्या. "संसार मी केला, आणि पहिला शब्द हिच्या वाट्याला," असं भिंतीला ऐकवत होत्या. मग उठल्या, केस नीट केले, खुर्ची ओढून बाबांच्या पुढ्यात बसल्या. "आता मला हाक मारा," म्हणाल्या.

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सासूबाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अजिबात आवाज न करता लावायला लागले, न जाणो, ऐकू यायचं राहून जायला नको.